हॉट गाडीतला गारवा

पोस्टरवरच्या स्पोर्ट्स कारला कधी घाम येत नाही. आठवून बघा... डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, मावळतीचं ऊन, खिडकीबाहेर टाकलेला हात आणि ड्रायव्हरच्या शर्टाला साधी सुरकुतीसुद्धा नाही! त्या गाडीचा एसी चालू आहे का, मुळात तिला एसी आहे का, असले प्रश्न आपल्याला पडतच नाहीत. खरं तर आपण ऑफिसात एसीच्या रिमोटवरून रोज कुरुक्षेत्र करणारी माणसं. चोवीस की सव्वीस, यावरून आख्खी डिपार्टमेंटं फुटतात. पण स्वप्नातल्या गाडीचा विषय निघाला की आपण हॉर्सपॉवर विचारतो, टॉप स्पीड विचारतो, शून्य ते शंभर किती सेकंदांत ते विचारतो. आत किती उकडतं, हे कोणीच विचारत नाही.

मी विचारायला लागले ते माझ्या मामीमुळे.

मामा-मामी गेली तीसेक वर्षं फ्रेस्नोला राहतात. कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र, गोल्डन गेट आणि थंडगार धुकं येतं. फ्रेस्नोला यातलं काहीही नाही. बदामाच्या आणि द्राक्षांच्या बागांच्या मधोमध, चारी बाजूंनी सपाट पसरलेल्या सेंट्रल व्हॅलीतलं हे शहर म्हणजे जुलैत आपलं मे महिन्यातलं जळगावच. दुपारी ३६-३७ अंश हे तिथलं नेहमीचं. पारा चाळिशीच्या वर गेला तरी शेजारीपाजारी त्यावर चर्चासुद्धा करत नाहीत.

आणि या भट्टीत माझ्या मामाने जपलीय काय, तर १९८७ ची लालभडक पोर्शे ९११ करेरा! 'नाइन इलेव्हन' म्हणायचं तिला. नऊशे अकरा म्हटलं की मामा दुखावतो. माझ्या जन्माच्या आधी त्याने ती सेकंड हॅण्ड घेतली. तेव्हा घरातला सोफासुद्धा कोणीतरी वापरून दिलेला होता, असं मामी अजून सुनावते.

ज्यांना गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही (मी त्यांच्यातलीच होते), त्यांच्यासाठी थोडा इतिहास. ९११ पहिल्यांदा दिसली १९६३ मध्ये, फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये. तेव्हा तिचं नाव होतं ९०१. पण मध्ये शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असा प्यूजोने आक्षेप घेतला आणि ९०१ ची ९११ झाली. गाडीची खरी गंमत नावात नाही, इंजिनात आहे. एक तर ते पाठीमागे. जिथे आपण बॅगा ठेवतो तिथे इंजिन, आणि जिथे इंजिन असायला हवं तिथे बॅगा. दुसरं म्हणजे, त्या इंजिनाला पाणी लागत नाही. ते हवेने थंड होतं.

पाण्याने थंड होणारं इंजिन आपल्या आईबाबांच्या पिढीने खंडाळ्याच्या घाटात भरपूर अनुभवलंय. पद्मिनी धापा टाकत थांबायची. बॉनेट वर, वाफेचे लोट, आणि बाबा हातात फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडण्याचा मुहूर्त शोधताहेत! मामाच्या गाडीत रेडिएटरच नाही, त्यामुळे हा सीनच नाही. तिच्या इंजिनावर अकरा पात्यांचा एक पंखा आहे. तो पट्ट्यावर फिरतो आणि सिलिंडरांवर, त्यांच्या बारीक बारीक पंखांवरून हवा ढकलत राहतो. ऐकून दचकू नका, पण आपली जुनी बजाज चेतक थेट याच तत्त्वावर चालायची. तिच्याही इंजिनावर पत्र्याचं कव्हर, आत पंखा, आणि पंख्याची हवा सिलिंडरवर. म्हणजे बाबांची चेतक आणि मामाची पोर्शे या लांबच्या का होईना, बहिणी!

अर्थात नुसत्या हवेने भागत नाही. उरलेलं काम ऑइल करतं. साध्या छोट्या गाडीत तीन-चार लिटर ऑइल असतं, या बाईसाहेबांना दहा लिटरहून जास्त लागतं. ते इंजिनातली उष्णता उचलतं, गाडीच्या कडेने थेट पुढे जातं, उजव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डमध्ये लपवलेल्या कूलरमधून फिरतं आणि थंड होऊन परत मागे येतं. म्हणूनच डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा काटाच नाही, ऑइलचा आहे. मामा सिग्नलला उभा असला की त्याचा एक डोळा दिव्यावर आणि दुसरा त्या काट्यावर असतो.

इथवर सगळं सॉलिड. गडबड सुरू होते ती एसीपाशी.

गाडीत एसी बसवायची कल्पना काही नवीन नाही. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९३९ मध्येच ती करून दाखवली होती. तेव्हा गार हवेचं बरंचसं यंत्र डिकीत असायचं, आणि एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढायला लागायचा. त्या मानाने १९८७ म्हणजे सुधारलेला काळ. पण विचार करा, एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरणार, आणि इंजिन तर मागे! गार हवा हवी पुढे. मग गॅसच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून मागून पुढे आणि पुढून मागे धावतात. रबरी नळ्या, वरून ऊन, खालून तापलेला डांबरी रस्ता. त्यात भर म्हणजे गॅस थंड करणारा एक कंडेन्सर बरोबर इंजिनाच्या झाकणाखाली बसवलेला. म्हणजे गाडीतली उष्णता बाहेर टाकायची कुठे, तर जिथून इंजिन स्वतःसाठी गार हवा ओढतं, तिथेच. एकाच खोलीत दोघं भाऊ आणि एकच पंखा... तसला प्रकार!

मामाच्या गाडीत मुळात आर-१२ नावाचा गॅस होता. त्याने ओझोनच्या थराला भोकं पडतात हे कळल्यावर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, आणि १९९६ पासून अमेरिकेत तो बनवणं बंद झालं. योगायोग बघा, ज्या वर्षी मामाची गाडी बनली, त्याच वर्षी तिच्या गॅसची उलटी गिनती सुरू झाली. पुढे एका गॅरेजवाल्याने जुनाच गॅस बदलून आर-१३४ए भरून दिला, बाकी काही न बदलता. आता गंमत अशी, की या नव्या गॅसचे रेणू जुन्यापेक्षा लहान. जुन्या रबरी नळ्यांमधून ते हळूहळू निसटतात, रात्रभर ठेवलेल्या फुग्यातल्या हवेसारखे. त्यामुळे दर एप्रिलला गॅस भरायचा आणि जुलैपर्यंत एसी म्हणजे नुसता पंखा, असं वर्षानुवर्षं चाललं. मामाला त्याचं काही वाटायचं नाही. "खिडक्या आहेत ना!" हा त्याचा फंडा होता.

मग मामीला एमएस झाला. मल्टिपल स्क्लेरॉसिस.

मला तोवर एमएस म्हणजे अमेरिकेतली डिग्री एवढंच माहीत होतं. हा आजार म्हणजे शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणा मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. वायरवरचं प्लॅस्टिक निघावं तसं. मेंदूकडून निघालेला निरोप वाटेत अडखळतो. हात बधिर होतात, पाय जड होतात, डोळ्यांपुढे धुरकट होतं. आणि अशा उघड्या पडलेल्या तंतूंचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उष्णता. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी निरोप पोचेनासे होतात. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच याची नोंद केली होती. व्यायामाने अंग तापलं की त्याच्या पेशंट्सची नजर अंधूक व्हायची. गारव्यात आलं की परत ठीक. कायमचं नुकसान होत नाही, पण तेवढा वेळ माणूस विझत जातो.

मामीची खूण म्हणजे पाट्या. उकडायला लागलं की रस्त्यावरच्या पाट्यांची अक्षरं एकमेकांत मिसळतात, मग बोटांना मुंग्या. घरात एसी, तिच्या गाडीत एसी, दुकानात एसी. फक्त लाल गाडीत नाही. त्यामुळे चार उन्हाळे ती त्या गाडीत बसलीच नव्हती. मामा रविवारी सकाळी एकटाच एक चक्कर मारून यायचा आणि आल्यावर काही बोलायचा नाही. आधी तासभर बोलायचा म्हणे.

माझा मामेभाऊ प्रॅक्टिकल. त्याने एक्सेल शीट बनवली. हवेने थंड होणारी शेवटची ९११ बनली १९९८ मध्ये. त्याच सुमाराला नवी पाण्यावर चालणारी आली, कारण आवाजाचे आणि धुराचे कडक होत गेलेले नियम हवेच्या इंजिनाला पेलवेनात. पण माणसाचा स्वभाव बघा, बंद झाली म्हटल्यावर लोकांना जुनीच हवी झाली आणि भाव चढत गेले. "विकण्याची हीच वेळ आहे," त्याचं म्हणणं. आकड्यांत चूक काढायला जागाच नव्हती.

मामी त्यावर एवढंच म्हणाली, "विका की. पण आधी मला एकदा त्या गाडीतून समुद्र दाखवा."

मामी रत्नागिरीची. तिला समुद्र म्हणजे मॉन्टेरे. लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला ते तिथे जायचे, लाल गाडीतून. फ्रेस्नोपासून सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे मुंबईहून साताऱ्याला जाण्याएवढं. आणि लग्नाचा वाढदिवस कुठला? तर ऐन जुलैतला!

आता मामापुढे धर्मसंकट. त्याची गाडी 'ओरिजिनल' होती. जुन्या गाड्यांच्या दुनियेत हा शब्द म्हणजे सोवळं. स्क्रूसुद्धा त्या काळचा हवा. आणि इथे तर नळ्या, कंडेन्सर, पंखे सगळं बदलायला लागणार होतं. दुसरी भीती त्याहून मोठी. एसी जास्त काम करणार, म्हणजे इंजिनावर ओझं जास्त आणि इंजिनाला मिळणारी हवा आणखी गरम. मामीला गार करायच्या नादात इंजिन गेलं तर? हवेच्या इंजिनाची रिपेअरी म्हणजे घराच्या डाउन पेमेंटचे आकडे.

२०२४ च्या हिवाळ्यात त्याने ठरवलं. एका म्हाताऱ्या मेकॅनिकला हाताशी धरून महिनोन् महिने खटपट केली. जुन्या रबरी नळ्या काढून आतून अस्तर असलेल्या नव्या घातल्या, ज्यांतून गॅस निसटत नाही. ओलावा शोषणारा ड्रायर बदलला. जाड नळ्यांच्या जुन्या कंडेन्सरच्या जागी चपट्या, बारीक वाहिन्यांचा नवा आला, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त उष्णता बाहेर. पुढच्या कंडेन्सरला इलेक्ट्रिक पंखा लावला. मग उजव्या मडगार्डमधला ऑइल कूलर उघडला, तर आत वाळकी पानं आणि मेलेले किडे यांचं प्रदर्शन! ते साफ झाल्याबरोबर एसी नसतानाही काटा थोडा खाली राहायला लागला.

आणि एक शोध लागला, तो मला सगळ्यात आवडला. या गाडीत हीटरसाठी वेगळं काही नाही. इंजिनाच्या पंख्याचीच हवा एग्झॉस्टच्या तापलेल्या पाइपांभोवती फिरवून आत सोडतात. थंडीत फुकटची ऊब. पण ही गरम हवा अडवणाऱ्या झडपा जुन्या झाल्या होत्या, नीट मिटत नव्हत्या. म्हणजे एसी बिचारा पुढून गार हवा फेकतोय आणि मागून कोणीतरी गुपचूप शेगडी लावून बसलंय! इतकी वर्षं सगळे एसीला नावं ठेवत होते. झडपांच्या केबल्स ताणून बसवल्या आणि अर्धं भांडण मिटलं.

जुलैत मी पोचले तेव्हा टेस्टिंग चालू होतं. मामीचा चिक्कीच्या पाकाचा थर्मामीटर एसीच्या झरोक्यात खोचलेला. बाहेर ३८, झरोक्यात ९. मामा वहीत लिहून ठेवत होता, लहान मुलाचा ताप लिहावा तसा.

निघायच्या दिवशी मामाचा प्लॅन होता पहाटे पाचचा. मामीने तो उडवून लावला. "पहाटेच्या गारव्यात जायचं होतं, तर चार महिने हा खटाटोप कशाला केलात?" मामेभाऊ म्हणाला, मी माझी गाडी घेऊन मागून येतो, लागली तर असू दे. यावर दोघंही काही बोलले नाहीत. पण बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल आणि थंड पाण्याच्या बाटल्यांचा डबा त्याच्या गाडीत गेला. निघालो सकाळी अकराला.

मी मागच्या सीटवर. या गाडीला मागे सीट आहे, असं कागदोपत्री म्हणता येईल. मी तिथे गुडघे हनुवटीला लावून, डब्यातल्या चकलीसारखी बसले होते. पाठीमागे इंजिन घरघरतंय, समोर दोन डोकी. मामाची नजर ऑइलच्या काट्यावर, मामीची रस्त्यावरच्या पाट्यांवर. ती एकेक पाटी मोठ्याने वाचत होती. मडेरा. चाउचिला. लॉस बॅनोस. आम्ही तिघंही गप्पा मारत होतो, पण खरं तर ऐकत होतो ते त्या पाट्या.

लॉस बॅनोस मागे पडलं तेव्हा बाहेर ४१ होतं. मग सॅन लुइसचं धरण आलं आणि चढ सुरू झाला. पाचेको पास. उंची फार नाही, चारशे मीटरच्या आसपास, पण सपाट व्हॅलीतून आलेल्या तापलेल्या गाडीला तेवढी पुरते. पुढे एक मालाने भरलेला ट्रक. वेग पडला. काटा मधल्या रेषेच्या वर सरकला. मग आणखी थोडा.

घाटात एसी बंद करायचा, हा नियम कुठल्याही मराठी माणसाला शिकवायला लागत नाही. कसाऱ्यापासून आंबोलीपर्यंत आपण तो पाळत आलोय. मामाचा हात एसीच्या बटणाकडे गेलेला मी पाहिला. मामीनेही पाहिला. "करा बंद पाच मिनिटं. मला चालेल," ती म्हणाली. तिचा अंगठा बोटांवर फिरत होता, मुंग्या आल्यात का बघताना फिरतो तसा.

मामाचा हात बटणावर दोनेक सेकंद होता. मग तो खाली गिअरवर आला. चौथ्यातून तिसऱ्यात. इंजिन एकदम ओरडलं. मला वाटलं, झालं, गेली गाडी! पण हे उलटं गणित नंतर मामाने मला समजावलं. इंजिनाचा पंखा इंजिनाच्या वेगाच्या प्रमाणात फिरतो. खालचा गिअर म्हणजे गाडीचा वेग तोच, पण इंजिनाचे फेरे जास्त. म्हणजे पंख्याची हवा जास्त, ऑइल फिरणार जास्त, एसीचा कॉम्प्रेसरही जोरात. वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत राहिलो की आवाज कमी होतो आणि आपल्याला वाटतं इंजिनाला आराम मिळतोय. प्रत्यक्षात ते गुदमरत असतं.

त्या आवाजात लक्षात आलं, की मामीचं पाट्या वाचणं थांबलंय. एक वळण गेलं. दुसरं गेलं. मामाने समोर बघतच विचारलं, "अगं, पुढची पाटी?"

"पाटीच नाहीये हो. काय वाचू, ट्रकचा नंबर?" आणि तिने खरंच ट्रकचा नंबर वाचून दाखवला. आख्खा. मी मागून वाकून बघितला, बरोबर होता.

काटा खाली आला नाही, पण वरही गेला नाही. जिथे होता तिथेच हट्टाने उभा राहिला. खिंडीच्या माथ्यावर समुद्राकडून येणारा वारा गाडीला धडकला तेव्हा तो पहिल्यांदा हलला, खालच्या दिशेने. मामाने खांदे सैल सोडले. मागे मामेभावाने उगाचच हॉर्न वाजवला.

त्या एक्सेल शीटचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. त्याविषयी कोणी बोललं नाही. गाडी अजून गॅरेजमध्ये आहे आणि आता रविवारच्या चकरेला दोघं जातात.

मॉन्टेरेला पोचलो तेव्हा तिथे १७ अंश आणि गच्च धुकं. समुद्राचा नुसता आवाज, दिसत काहीच नव्हतं. मामीने पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"अहो, बंद करा तो एसी. कुडकुडले मी!"

मामाने एसी बंद केला आणि दोन सीटच्या मधला हीटरचा कंट्रोल फिरवला. ज्या उष्णतेशी तो चार महिने भांडला होता, तीच आता मागून पुढे आली, ऑइलचा किंचित वास घेऊन. मामीने दोन्ही हात त्या झोतापाशी धरले, डोळे बारीक करून धुक्यातून पलीकडे बघितलं आणि मोठ्याने वाचलं,

"पार्किंग फुल्ल!"